सकारचा पानी

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी ग्रामपंचायतीचा शिपाई हेमराज लाल रंगाचा डबा घेऊन साजाटोला या वस्तीत उमराव कटरे यांच्या विहिरीवर आला. ब्रशवर मागच्या कामाचा पिवळा रंग वाळलेला होता. मोटारसायकल बोरीच्या झाडाखाली लावून तो विहिरीच्या बांधलेल्या काठावर कोरडी जागा शोधू लागला. उमराव त्याच वेळी बांधीची, म्हणजे धानाच्या खाचराची, फुटलेली पाळ बुजवून परत येत होते. खांद्यावर फावडे, पिंढऱ्यांपर्यंत चिखल. ते सरळ हेमराजने हाताने पुसून ठेवलेल्या जागेवर जाऊन बसले; एक पाय बाहेर, एक विहिरीत सोडून.

"उठा जी काका," हेमराज म्हणाला.

"बसू दे गा. जरा थकलो."

"मले वरून सांगितला आहे. रंग मारून फोटो पाठवाचा आहे."

"मंग मार. माह्या पाठीवर मार."

उमराव सत्तरीच्या घरात आले होते. ही विहीर त्यांनी चाळीस वर्षांपूर्वी भावाबरोबर खणली, खालचा खडक छिन्नीने फोडला. टोल्यातली जवळपास सगळी घरे तिच्यावर पाणी भरत. नळयोजनेची टाकी शाळेमागे उभी होती, पाईप अंगणापर्यंत आले होते, पाणी आलेले नव्हते. विहिरीला लाल खूण लागली की तिचे पाणी पिण्याला बंद, आणि बायांना नाला ओलांडून पलीकडच्या गावच्या हातपंपावर जावे लागणार. त्या पंपावर साजाटोल्याच्या बायांना शेवटी उभे करतात, हे सगळ्यांना ठाऊक होते. दोन वर्षांपूर्वी विहीर गाळाने भरली तेव्हा त्यांनी ते सोसले होते.

कारण प्रयोगशाळेतून आले होते. एप्रिलच्या सुरुवातीला नेलेल्या बाटलीत फ्लोराइड लिटरला एक पूर्णांक आठ मिलिग्रॅम निघाले. हद्द दीडची. त्याच्या वर गेले की लहान मुलांचे दात डागाळतात आणि वर्षानुवर्षे प्यायले तर हाडे धरतात, असे कागदावर लिहिले होते.

मंजू, उमराव यांची सून, घरामागच्या सांदवाडीतून कांद्याची पात हातात घेऊन आली. टोल्यातल्या पाण्याची तपासणी करणाऱ्या पाच बायांपैकी ती एक. पंचायतीने दिलेली पेटी तिच्याकडे असे: छोट्या बाटल्या, थेंब टाकायच्या कुप्या, रंगांचा तक्ता. जानेवारीत तिने याच विहिरीचे पाणी तपासले होते आणि रंग गुलाबी आला होता. गुलाबी म्हणजे चांगले, पिवळे म्हणजे वाईट.

"वहिनी, तुमच्या पेटीत गुलाबी, साहेबाच्या मशीनीत लाल," हेमराज म्हणाला. "आता मी कोनता रंग मारू सांगा."

मंजूने पात खाली ठेवली आणि ग्रामसेवकाला फोन लावला. बोलणे लांबले. पुन्हा एकदा नमुना घ्यावा, तोवर रंग लावू नये, एवढेच तिने लावून धरले. शेवटी पुढच्या सोमवारपर्यंत मुदत मिळाली. तेवढ्यात चंद्रकांताबाईंनी, मंजूच्या सासूने, चहा आणला. हेमराजने कप हातात घेतला आणि आत पाहिले.

"पी बाप्पा," चंद्रकांताबाई म्हणाल्या. "एका कपाने दात नाई पडत."

तो प्यायला. रंगाचा डबा मात्र त्याने परत नेला नाही. पुन्हा उचलून आणायचा त्रास नको म्हणून गोठ्यात ठेवून गेला.

मंजूला त्या दिवशी कामात चित्त नव्हते. उन्हाळी धान लोंबीवर आले होते आणि बांध्यांतले करगे, धानासारखेच दिसणारे तण, उपटायचे राहिले होते. ती कमरेत वाकून करगे उपटत गेली, हाताला चिखलाची ऊब लागत होती. आठ वाजता विजेची लाईन आली तशी विहिरीवरची मोटार सुरू झाली आणि पाटातून पाणी धावले. जानेवारीत आपण चुकलो का, एवढाच प्रश्न डोक्यात होता. शिकवणाऱ्या बाईने सांगितले तसेच केले होते. बाटली तीनदा खंगाळली, रेघेपर्यंत भरली, थेंब मोजून टाकले. चूक सापडली असती तर तिला बरे वाटले असते.

जेवण उरकल्यावर तिने पेटी अंगणात आणली. विहिरीचे पाणी काढले, थेंब टाकले, बाटली हलवली. रंग आला. चंद्रकांताबाई म्हणाल्या, गुलाबी. शेजारच्या सुलोचनाबाई म्हणाल्या, छे, पळसाचे फूल आहे हे. मंजूला तो धड गुलाबी वाटत नव्हता आणि धड नारंगीही नव्हता. मांडवाखाली धरला तर तक्त्यावरच्या दुसऱ्या चौकोनाशी जुळे, उन्हात नेला की तिसऱ्याशी. सुलोचनाबाईंनी आपल्या पदराशी लावून पाहिला आणि त्यांचा पदर कुसुंबी असल्यामुळे गोंधळ वाढला.

"लुगडा बदलून ये," चंद्रकांताबाई म्हणाल्या, "म्हणजे पानी सुधरल."

हसणे चालले असताना मागच्या टोल्यातली मंगली कुंभरे आली. डोक्यावर विडीसाठीच्या तेंदूपत्त्याचे गाठोडे, पायांवर काट्यांचे ओरखडे, मागे तिची मुलगी दिव्या. तेंदूचे दिवस सुरू झाले होते. मंगली अंधार असताना जंगलात जाई, दुपारी परते, घरी बसून पानांचे पुडे बांधी आणि दिवस कलता फळीवर, पाने विकत घेणाऱ्या केंद्रावर, नेऊन देई. तिने गाठोडे उतरवले आणि बाटलीकडे पाहिले.

"मंजूबाई, रंग राहू दे," ती म्हणाली. "हिचे दात पाहून सांग."

दिव्याने तोंड घट्ट मिटले. शाळेत पोरे तिला तंबाखूचा खर्रा खाते म्हणून चिडवत. मंगलीने हनुवटी धरली तेव्हा तिने ओठ थोडे उघडले. समोरच्या दातांवर आडव्या तपकिरी रेघा होत्या, घासून न जाणाऱ्या.

उमराव बाजेवर पडले होते ते उठून बसले. त्यांनी नातीला हाक मारली. खुशी आणि दिव्या एका वर्गात, एका बाकावर. खुशीने सगळे दात दाखवले. पांढरे, एक पडलेला.

"आता सांगा," उमराव म्हणाले. "दोघी एकाच हिरीचा पानी पेऊन राहिल्या. हीर खराब असती त माह्या घरचे दात आदी गेले असते. पानी एक, मंग दात दोन कसे?"

मंगलीने गाठोडे डोक्यावर घेतले. "मले का माहीत," ती म्हणाली. "मी इचारून राहिलो, तुमी मलेच इचारता."

विहीर निर्दोष ठरवायला उमराव यांनी प्रश्न केला होता. मंजूला तो तसा लागला नाही. सासऱ्याचे म्हणणे खोडता येत नव्हते आणि दिव्याचे दातही खोडता येत नव्हते. रात्री भाकरी थापताना तिने नवऱ्याला विचारले. धर्मेंद्र राईस मिलमधून आला होता, कानांत कोंडा होता. तो म्हणाला, दात ज्याच्या त्याच्या नशिबाचे. तिने दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत फोन केला.

इंद्रकुमार गुरुवारी आला. प्रयोगशाळेत नमुने मोजणारा मनुष्य, पस्तिशीचा, गोंदिया शहरातला, मराठीत सुरुवात करून हिंदीत शेवट करणारा. मोटारसायकलच्या मागे बर्फाची पेटी बांधलेली होती. विहिरीवर येताच त्याने वाकून आत पाहिले, दोरी सोडून पाणी किती खाली आहे ते बघितले, मोटारीचा पाईप कुठवर गेला आहे ते विचारले. मागचा नमुना त्याने स्वतः घेतला नव्हता. गाडीवरचा माणूस बाटल्या गोळा करत फिरला होता.

"बाटली भरली कोणी?" त्याने विचारले.

"मी," उमराव म्हणाले.

"धुतली होती? ठेवलेलं पाणी तर नाही ना टाकलं काका, गुंडातलं?"

हा प्रश्न उमराव यांना झोंबला. घरी पाहुणा आला तर गुंडातले, म्हणजे घागरीतले, कालचे पाणी ओतून देऊन नवे भरणारे हे घर. चंद्रकांताबाईंनीही स्वयंपाकघरातून मान बाहेर काढली.

"सिरा पानी देऊ का आमी सरकारले?" उमराव म्हणाले. "हेमराजने आदल्या दिवशी सांगितला, साहेबाले ताजा पानी पाहिजे. ताजा म्हणजे ताजा. मी अख्खी हीर उपसली जी तुमच्यासाठी. मोटार लावून खडक उघडा केला. खाली उतरून गाळ काढला. मंग झरा सुटला, तवा त्याच्या तोंडाले बाटली लावून भरली. याच्यापेक्षा ताजा पानी तुमाले कोनी देणार नाई."

इंद्रकुमारने हातातली दोरी खाली ठेवली. मग तो हसला, पण हसण्यात टिंगल नव्हती.

"पूरा कुआँ खाली करके दिया क्या काका?"

"होय जी."

"अहो, ताजं म्हणजे त्या वेळी काढलेलं. लोक जे पितात ते. तुम्ही मला खडकाच्या पोटातलं पाठवलं, फ्लोराइड तिथूनच येतं."

मंजू उभी होती ती काठावर बसली. विहीर उपसली तेव्हा ती तिथेच होती. तिनेच गाळाच्या बादल्या वर ओढल्या होत्या, आणि तिच्या मनात एकदाही हे आले नव्हते.

उमराव यांच्या तोंडावर उजेड आला. म्हणजे कागद खोटा. त्यांनी हेमराजला बोलवायची तयारी केली, रंगाचा डबा घेऊन जा म्हणून. इंद्रकुमारने त्यांना थांबवले. कागद खोटा नाही, तो म्हणाला, ते पाणीही याच विहिरीचे आहे. आता बघायचे एवढेच, की ते कोणाच्या गुंडात कधी जाते. त्याने उमराव यांनाच विचारले, खणताना पाणी कुठून कुठून लागले होते. उमराव सांगत गेले आणि सांगता सांगता रमले. वरचे पाझर पश्चिमेकडून, बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, अंगाने, मऊ मुरमातून. ते पाणी हलके, डाळ लवकर शिजते. खालचा झरा पूर्वेच्या भेगेतून. थंडीत कोमट लागतो, साबणाला फेस येत नाही. हे सगळे त्यांना चाळीस वर्षे माहीत होते. पण टोल्यात त्याला एकच नाव होते, कटरेची विहीर.

"जानेवारीत मोटार चालत होती?" इंद्रकुमारने मंजूला विचारले.

"नाही. हीर काठोकाठ होती."

"मग तुमचा गुलाबी पण बरोबर होता."

हे ऐकून मंजूला आनंद व्हायला हवा होता. झाला थोडा. पण लगेच तिच्या लक्षात आले की आपण बरोबर असूनही काहीच ठरलेले नाही.

मोटारीने वरचे पाणी ओढले की खडकातले किती येते, ते बघायची पद्धत इंद्रकुमारने समजावली. दिवसात तीनदा पाणी घ्यायचे: पहाटे मोटारीआधी, दुपारी मोटार चालू असताना, संध्याकाळी ती बंद झाल्यावर. दर वेळी एकाच बादलीतून दोन बाटल्या. त्या दोन्ही तो वेगवेगळ्या मोजणार.

"एकाच बादलीतून दोन कायले?" उमराव म्हणाले. "एक पिऊन पाहता का तुमी?"

"मशीनवर किती भरवसा ठेवायचा ते कळायला. एकाच पाण्याला ती एकदा एक सांगते, एकदा दुसरं. दोन दशांश इकडे, दोन दशांश तिकडे."

"म्हणजे तुमच्या मशीनीलेच पक्का माहीत नाई."

"किती माहीत नाही, ते माहीत आहे."

उमराव यांनी यावर बराच विचार केला. मग म्हणाले की त्यांच्या वडिलांच्या वेळी धान कुडोने, लाकडी मापाने, मोजत. एकच रास वडिलांनी मोजली तर एक भरे, सावकाराच्या मुनिमाने मोजली की दुसरी. माप तेच. कुडोवर हात कसा फिरतो त्यावर होते सगळे. कोणी दाबून फिरवी, कोणी उचलून. "म्हणून बाबा दोनदा मोजत," ते म्हणाले. "आमाले वाटे बाबाले हिसाब येत नाई." इंद्रकुमारने बर्फाच्या पेटीवर बसून ते ऐकले आणि म्हणाला, बस, हेच.

तो दिवसभर थांबणार नव्हता. त्याने मंजूकडे बाटल्या आणि बर्फाची पेटी सोपवली. धर्मेंद्र मिलवर जाताना ती पोचवील असे ठरले.

शुक्रवारी तांबडे फुटताना मंजूने पहिली बादली काढली. पाणी वर होते, दोरी थोडीच सुटली. त्या वेळी विहिरीवर पुढच्या रांगेतली घरे होती: त्यांचे स्वतःचे, सुलोचनाबाईंचे, आणखी तीन-चार. सगळ्यांनी पिण्याचे गुंड भरले आणि बाया घरी गेल्या. मग लाईन आली, मोटार लागली. दुपारी दोरी बरीच लांब सोडावी लागली. संध्याकाळी, मोटार बंद होऊन घटका झाल्यावर, मंजू तिसऱ्यांदा गेली तेव्हा विहिरीवर मागच्या टोल्यातल्या बाया होत्या. मंगली फळीवरून परतली होती, बोटे पानांच्या चिकाने काळी. ती बादली ओढत होती. दोरी तिच्या हातातून संपेपर्यंत गेली.

मंजू बाटल्या हातात धरून उभी राहिली. ही बाई तिने इथे रोज पाहिली होती, लग्न होऊन आल्यापासून. धान रोवायच्या दिवसांत रोवणीवरून, मोहाच्या दिवसांत मोह वेचून, कापणीत कापणीवरून. नेहमी याच वेळी. उन्हाळ्यात मोटार चाले, धानाचे पऱ्हे, म्हणजे कोवळी रोपे, जगवायचे असले की पावसाळ्याच्या तोंडीही चाले. मंगलीच्या गुंडात काय जात होते?

"मंगली, तू सकारी कधी नाई भरत?"

मंगलीने बादली काठावर टेकवली. "सकार तुमची," ती म्हणाली. "संध्याकार आमची. असाच आहे."

"कोनी ठरवला?"

"मले का माहीत. मी आलो तवा असाच होता. एकदा आलतो सकारी, लगनाच्या नव्या वर्षी. तुमची सासू म्हणाली, थांब जरा, आमचा होऊ दे. थांबलो, त मजुरीचा टेम्पो गेला. मंग नाई आलो."

ती हे रागाने बोलली नाही. बादली गुंडात ओतली, मंजूने त्याच बादलीतून दोन बाटल्या भरल्या, झाकणे लावली आणि बर्फात ठेवल्या.

सोमवारी हेमराज आला, निकाल आला नव्हता, हेमराज रंग न लावता तसाच गेला. मंगळवारी दुपारी इंद्रकुमारचा फोन आला. मंजूने फोन मोठ्या आवाजावर बाजेवर ठेवला. उमराव, चंद्रकांताबाई, सुलोचनाबाई भोवती बसले होते. मंगली पुडे बांधत दाराशी होती. तिला मंजूने बोलावून घेतले होते.

पहाटेच्या दोन बाटल्या: शून्य पूर्णांक नऊ आणि एक. दुपारच्या: एक पूर्णांक तीन आणि एक पूर्णांक पाच. संध्याकाळच्या: एक पूर्णांक सात आणि एक पूर्णांक चार.

"शेवटचा पुन्हा सांगा," मंजू म्हणाली.

त्याने सांगितला. एक बाटली हद्दीच्या वर, एक खाली, दोन्ही एकाच बादलीतल्या. मधला आकडा दीडच्या किंचित वर पडतो, पण मशीनची स्वतःची चूक धरली तर वर आहे असे छातीठोक सांगता येत नाही. खाली आहे असेही नाही. सकाळचे पाणी चांगले, हे मात्र नक्की. कागदावर काय लिहायचे ते त्यालाही कळत नव्हते. कागदावर विहिरीला एकच ओळ असते.

"सकारी चांगली, संध्याकारी खराब," सुलोचनाबाई म्हणाल्या. "आमच्या घरच्या मानसासारखी."

कोणी हसले नाही, म्हणून त्यांनी पदर सारखा केला.

दिव्या आईच्या मागे बसून पाने एकावर एक रचत होती. मंगलीने हातातला पुडा बांधून पुरा केला, गाठ दाताने आवळली.

"दात दोन कसे, ते भेटला का काका तुमाले?" तिने विचारले.

चंद्रकांताबाई उठून आत गेल्या. थोड्या वेळाने बाहेर येऊन म्हणाल्या की उद्यापासून मंगलीने सकाळी भरावे, सगळ्यांच्या आधी भरावे, कोणी काही म्हणणार नाही. त्यांनी हे मंगलीकडे न पाहता, तुळशीकडे पाहून सांगितले.

"सकारी मी जंगलात," मंगली म्हणाली. "तुमचा पानी मोटारीच्या घडीवर चालते आत्याबाई. माही घडी पत्त्यावर."

दुसऱ्या दिवशी पहाटे मंजूने एक गुंड जास्त भरला आणि मंगलीच्या दारात नेऊन ठेवला. तिसऱ्या दिवशीही नेला. तिसऱ्या दिवशी मंगली अजून निघालेली नव्हती. तिने गुंड उतरवून घेतला, कमरेवर हात ठेवून मंजूकडे पाहिले. "आज भरला," ती म्हणाली. "रोवणीत भरसीन का? तवा तूही चिखलात राहाशीन." मंजूला हे खोटे म्हणता आले नाही. शिवाय मागच्या टोल्यात मंगलीचे एकटीचे घर नव्हते.

त्याच सकाळी आठ वाजता लाईन आली आणि मोटार लागली नाही.

चंद्रकांताबाईंना वाटले फ्यूज गेला. उमराव खांबाजवळ उभे होते, खटका त्यांच्या हाताखाली होता. त्यांनी तो दाबला नव्हता.

"बिघडली का?" चंद्रकांताबाईंनी विचारले.

"नाई."

"मंग?"

"पाहाचा आहे," उमराव म्हणाले. "मोटार नाई लावली त संध्याकारचा पानी सकारसारखा होते का नाई."

चंद्रकांताबाईंनी बांध्यांकडे बोट केले. लोंब्यांत दूध भरत होते. याच दिवसांत पाणी तुटले की दाणा पोचट राहतो, हे त्यांना सांगण्याची गरज नव्हती आणि उमराव यांना ऐकण्याची. तरी त्या बोलल्या. मंगलीसाठी धान वाळवता का, असे म्हणाल्या, मग स्वतःच थांबल्या.

"मंगलीसाठी नाई," उमराव म्हणाले. "हिरीसाठी. लाल लागला त मंगलीही नाल्यापार जाईल आन् तूही. आन् मले माहीत झाला पाहिजे. चाळीस वर्सं हिचा पानी प्यालो, मले वाटे मी हिले ओळखतो."

मंजूने इंद्रकुमारला कळवले. त्याने सांगितले, एक दिवस बंद ठेवून उपयोग नाही. विहिरीला वरच्या पाझरांनी भरू द्या, चार-सहा दिवस जाऊ द्या, मग संध्याकाळची बादली घ्या, दोन बाटल्या, तशाच. ग्रामसेवकाने आणखी मुदत द्यायला कुरकुर केली आणि दिली. एका विहिरीवर अर्धा लाल अर्धा हिरवा रंग लावायचा नियम नाही, असे तो म्हणाला, आणि असता तरी त्याने लावला नसता.

ऊन चढत गेले. पहिल्या दोन दिवसांत बांध्यांतले उभे पाणी आटले. मग चिखल चकाकेनासा झाला, त्यावर साय धरल्यासारखी खपली आली, आणि खपलीला भेगा पडल्या. उमराव दिवसातून कितीदा तरी विहिरीवर जाऊन पाणी लागेपर्यंत दोरी सोडत आणि काठाशी गाठ मारत. संध्याकाळी दोरी कमी सोडावी लागत होती. पाणी वर राहत होते. तिथून ते सरळ बांधीत जात, वाकून एक लोंबी नखाने चिरून पाहत. दूध होते अजून. घट्ट झाले नव्हते. चंद्रकांताबाईंनी धुण्याचे पाणी बादली-बादलीने घराजवळच्या बांधीत ओतायला सुरुवात केली.

सहाव्या संध्याकाळी मंजूने बादली काढली. मंगलीच विहिरीवर होती, दोघींनी मिळून ओढली. दोन बाटल्या भरल्या. मंगलीने एक बाटली उजेडाकडे धरून पाहिली, जणू काही दिसेल, आणि परत दिली.

"काचेसारखा आहे," ती म्हणाली. "तवाही असाच होता."

सकाळी धर्मेंद्रने पेटी नेली. दुपारपर्यंत फोन आला नाही; पुन्हा बादली घ्यावी लागली तर म्हणून मोटार बंदच होती. उमराव बांधीत उभे होते, पायाचा अंगठा भेगेत घालून ती किती खोल गेली ते बघत. आज पाणी सोडले तर अर्धे धान हाती येईल, दोन दिवसांनी सोडले तर गुरांपुढे टाकायचे, असा त्यांचा अंदाज होता. पण यातही त्यांना आता पहिल्यासारखी खात्री वाटत नव्हती. लाईन चालू होती. चार वाजता ती जाणार होती, मग आजचे पाणी चुकणार होते.

मंजू फोन कानाला लावून पाळीवरून धावत आली आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबली.

"एक पूर्णांक चार," ती म्हणाली.

"दुसरी?"

तिने पलीकडे विचारले, ऐकले, फोन खाली घेतला.

"दुसरी लावून राहिले. अजून मोजली नाई."